बिनआवाजाचं कव्हर

“हेही नको,” वहिनी म्हणाली, आणि डोळे मिटून तिनं त्या कव्हरची चेन पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. सर्रर्र.

बागवानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या काउंटरवर एव्हाना लॅपटॉपच्या कव्हरांचा ढीग पडला होता. काळी, करडी, निळी, एकावर तर जबडा उघडलेला वाघ. साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या त्या बोळात भर दुपारी गिऱ्हाईक फिरकायचं नाही, त्यामुळे भाईंना वेळ होता. पण वेळ आहे म्हणून माणसाचा जीव किती खायचा!

“अहो ताई, एक नंबर चेन आहे. कॉलेजची पोरं हेच नेतात. आणि कानाशी धरून ऐकताय काय? तंबोरा घ्यायला आलाय का?”

मी फिस्सकन हसले. वहिनी हसली नाही. तिनं कव्हर ढिगावर ठेवलं आणि विचारलं, “चेन नसलेलं नाही का एखादं?”

“आहे की. हे घ्या, चिकटपट्टीचं.” भाईंनी झाकण धरून झटक्यात उघडून दाखवलं. खर्रर्र! वहिनीनं एकदम दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, मंगलाष्टकं चालू असताना रडायला लागलेल्या पोराचं तोंड आईनं दाबावं तसं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझं हसू गेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही रंग बघत नाहीये, कापड बघत नाहीये, ही आवाज बघतेय.

आता हे नीट सांगायला हवं. हेमांगी वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, शिरीषदादाची बायको. माहेर नांदेडचं. लग्नाआधी ती तिथल्या एका आर्किटेक्टकडे कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. स्वतःच्या पगारातून घेतलेला लॅपटॉप घेऊनच ती आमच्या घरात आली. दादा एका पतसंस्थेत मॅनेजर. बाबा गेल्यावर सगळं घर त्यानंच सावरलं. आमच्या आळीत विचाराल तर लोक अजून सांगतील, शिरीषसारखा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही. दादानं कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. तो फक्त सकाळी कामावर जाताना वहिनीच्या लॅपटॉपचा चार्जर स्वतःच्या बॅगेत टाकून घेऊन जायचा.

“अगं, चुकून आला बघ,” संध्याकाळी म्हणायचा. गोड हसायचा. दुसऱ्या दिवशी परत चुकून. वहिनीनं नवीन चार्जर मागवला, तर तो नेमका दादा घरी असताना आला. दारातूनच त्यानं तो परत पाठवला. “डोळ्यांचा नंबर वाढेल तुझा, हेमा. कशाला तो त्रास?” मग जेवणाआधी तिचा फोन ‘जरा बघू’ म्हणून बघायला लागला. मग नांदेडच्या मैत्रिणीचे फोन यायचे बंद झाले. बाहेर पडली की कुठे, कोणाबरोबर, आणि एवढा वेळ का. सगळं हळू आवाजात, अगदी मायेनं. एकदा वहिनी स्वयंपाकघरात भांडं हातात धरून उभी होती. मला म्हणाली, “शलाका, मी चहा करून घेऊ का गं?” स्वतःच्या घरात! धाकट्या नणंदेला विचारतेय! मला माझ्या भावाची भीती वाटते, हे मी स्वतःशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

त्यानंतर मीच हातपाय हलवले. मी शाळेत शिकवते, तिशी उलटली तरी लग्न नाही, त्यामुळे घरात माझ्याकडे फारसं कोणी लक्ष देत नव्हतं, आणि त्याचा असा फायदा झाला. माझ्या फोनवरून पुण्यातल्या एका बाईंशी वहिनीचं बोलणं झालं. त्यांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. त्यांनी एका शाळेच्या इमारतीचे नकाशे करायला दिले. पसंत पडले तर नोकरी, आणि त्यांच्या ओळखीच्या वसतिगृहात राहायची सोय. “नकाशे झाले तर मी वाचेन गं,” वहिनी मला म्हणाली. नोकरी लागेल म्हणाली नाही, वाचेन म्हणाली.

पण नकाशे काढायचे कशावर? लॅपटॉप मेलेला, चार्जर दादाच्या बॅगेत. म्हणून त्या दुपारी आम्ही भाईंच्या दुकानात होतो. लॅपटॉप चालेल अशी बॅटरी घ्यायची, ती मी शाळेत नेऊन भरून आणायची, आणि दादा कामावर असताना वहिनीनं कोठीच्या खोलीत बसून काम करायचं. बाकी वेळ लॅपटॉप तिथल्याच फळीवर जुन्या रजयांच्या घड्यांमध्ये दडवायचा. कपाटावरचं त्याचं खोकं जागच्या जागी दिसावं म्हणून त्यात आम्ही जुनी पंचांगं भरून ठेवली होती. सगळं ठरलं होतं. फक्त दादा दुपारी कधीही जेवायला घरी यायचा, आणि चप्पल खाली जिन्याशी काढून अनवाणी वर यायचा. तो घरात आलाय हे तो शेजारी उभा राहिल्यावरच कळायचं. कोठीत बसलेल्या माणसानं तेवढ्यात लॅपटॉप मिटायचा, कव्हरात घालायचा, रजईत सरकवायचा. चेन सर्रर्र वाजली की संपलं.

“फेल्टचं एक आहे,” भाई जरा वेळानं म्हणाले. आता ते थट्टा करत नव्हते. त्यांनी खालच्या खणातून विटकरी रंगाचं, जाड लोकरीसारख्या कापडाचं एक कव्हर काढलं. चेन नाही, बटण नाही. पाकिटासारखं झाकण, ते नुसतं आत खोचायचं. “हे कोणी घेत नाही. लॅपटॉप घसरून पडेल म्हणतात.”

वहिनीनं झाकण खोचलं, काढलं, पुन्हा खोचलं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. रजईच्या घडीत ठेवलं तर रजईचाच पदर वाटावा असा रंग. “हे,” ती म्हणाली.

बॅटरी निवडायला वेळ लागला नाही, कारण मोबाइलला चालणाऱ्या लॅपटॉपला चालत नाहीत आणि चालणाऱ्या दोनच होत्या. मोठी होती ती विटेएवढी जड. छोटीनं नकाशाचं काम तासभरही रेटलं नसतं. भाईंनी मोठीचं बटण दाबलं आणि कडेला चार निळे दिवे भक्कन लागले. त्या अंधाऱ्या दुकानात त्यांचा उजेड पार छतापर्यंत गेला.

“हे दिवे बंद करता येतात?” वहिनीनं विचारलं.

“नाही हो. किती चार्ज उरलाय ते कळायला असतात.”

कोठीच्या खोलीला खिडकी नाही. दाराच्या फटीतून निळा उजेड बाहेर येईल, हे तिच्याही डोक्यात आलं, माझ्याही. मी तिच्या कपाळाकडे बघितलं आणि एकदम सुचलं. “टिकल्या लावू त्याच्यावर! मोठ्या, मरून रंगाच्या मिळतात ना. बॉम्बसुद्धा झाकतील.”

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला.

“अहो, बोला ना,” ती म्हणाली. दुकानात इतकं शांत होतं की दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“कुठे आहेस?”

“डंकावर. मसाला कुटायला आणलाय. शलाका आहे बरोबर.” ते अर्धं खरं होतं. भाजलेल्या मिरच्यांचा डबा आम्ही डंकावर नंबराला लावूनच इकडे आलो होतो.

“हो का.” दादा थांबला. “डंकाचा आवाज येत नाहीये.”

वहिनीनं फोन माझ्याकडे वळवला. मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, “दादा, लाइट गेलीय रे! बसलोय वाट बघत!”

“असं? इकडे तर आहे,” दादा म्हणाला. “बरं. सावकाश या.”

आम्ही सावकाश कसल्या येतोय! मी पैसे दिले, भाईंनी दोन्ही वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि पदर सावरत आम्ही डंकाकडे अक्षरशः पळालो. रस्त्यात मी टिकल्यांचं पाकीट घेतलं. डंक धाडधाड चालू होता. आमचा मसाला कुटून झालेला, डब्यात भरून तयार. तो गरम डबा वहिनीनं घरी पोचेपर्यंत छातीशी धरून ठेवला.

रात्री जेवताना दादानं भाकरीचा तुकडा त्या मसाल्याच्या आमटीत बुडवला. “छान झालाय मसाला,” म्हणाला. मग तोंडातला घास संपवून, आमच्या कोणाकडेच न बघता, “मी फोन केला होता डंकवाल्याला. दुपारी तिकडे लाइट गेलीच नव्हती म्हणे.”

वहिनी परातीशी भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. आणि आमची आई, जी जेवताना कधी मान वर करत नाही, ती आमटी ओरपत म्हणाली, “त्याला काय कळतंय? गेली होती. इथेही गेली होती. माझा पंखा बंद पडून मी घामाघूम झाले.”

दादानं आईकडे जरा वेळ बघितलं. “असेल,” म्हणाला आणि आणखी आमटी वाढून घेतली.

आमच्याकडे त्या दुपारी लाइट गेली होती की नाही ते मला माहीत नव्हतं. आई दुपारची झोपते, झोपेत काहीतरी वाटलं असेल असं मी धरून चालले. आईकडून मदत होईल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. दादा म्हणजे तिचा जीव. तो भात जास्त घेतो का कमी यावर तिचा दिवस चांगला जाणार का वाईट हे ठरायचं. वहिनीला ती टाकून बोलायची नाही, पण तिची बाजूही कधी घ्यायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीचं काम सुरू झालं. मी सकाळी बॅटरी पिशवीत घालून शाळेत न्यायची आणि स्टाफरूमच्या कपाटामागे लावून ठेवायची. गणिताच्या कदम बाई म्हणायच्या, “काय गं, धरण बांधतेस का त्या विजेवर?” मी म्हणायची, “हो, कोयनेला जोडधरण.” दुपारी डबा खायच्या सुट्टीत घरी धावायचं, बॅटरी वहिनीच्या हातात द्यायची, परत शाळा. घरी आले की वहिनी कोठीतून बाहेर यायची तेव्हा तिच्या अंगाला जुन्या कापसाचा वास यायचा, आणि डोळ्यांत मी नांदेडहून आलेली जी मुलगी पाहिली होती ती थोडी थोडी दिसायची. “जिना झाला आज,” असं काहीतरी कुजबुजायची. “आज वर्गांच्या खिडक्या काढल्या. पूर्वेला काढल्यात, पोरांना ऊन मिळेल.” मला काय कळतंय नकाशातलं! पण ऐकताना मला भरून यायचं.

एकदा दादा दुपारी आलाच. मी तेव्हा घरीच होते, डोकं दुखतं म्हणून लवकर आलेली. सोफ्यावर पडले होते आणि डोळे उघडले तर दादा समोर उभा. अनवाणी. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“हेमा कुठाय?”

“असेल आत,” मी मोठ्यानं म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं. “वहिनी, दादा आलाय गं!”

तो कोठीकडे निघाला. कोठीचं दार तेवढ्यात उघडलं आणि वहिनी सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. आतून कसलाही आवाज आला नव्हता, आणि तिच्यामागे नुसता काळोख होता. मी मनातल्या मनात बागवानभाईंना हजारदा दुवा दिला. दादा मात्र तिच्या शेजारून आत गेला, दिवा लावला, तिथे उभा राहिला. रजयांवरून हात फिरवला असेल, नसेल, आम्हाला दिसत नव्हतं. मग दिवा घालवून बाहेर आला, जेवला, आणि जाताना म्हणाला, “कोठीत उकडतं फार. तिथे बसत जाऊ नकोस.”

ती तिथे बसते असं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मला जेवण जाईना. वहिनी म्हणाली, “थोडंच राहिलंय. आता थांबले तर परत कधी नाही.” तिचे ओठ फुटले होते. मी म्हटलं, “अगं, तसाच टाक लॅपटॉप आणि जा तू.” ती म्हणाली, “तो टाकला तर तिकडे जाऊन काय करू? कोणाच्या दारात उभी राहू? हात तोडून ठेव आणि जा म्हणतेस तू.” मग मी पुन्हा तो विषय काढला नाही.

टिकलीचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. रविवार होता, दादा घरी. सकाळी तो रजया उन्हात घालूया म्हणाला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉप आणि बॅटरी मी आदल्या संध्याकाळीच माझ्या तपासायच्या वह्यांच्या पिशवीत हलवली होती, नशीब. दादानं एकेक रजई स्वतः उचलली, झटकली, गॅलरीत नेली. शेवटच्या खेपेला तो बाहेर आला तो बोट समोर धरून. बोटावर मरून रंगाची मोठी टिकली.

“ही कोणाची?” त्यानं विचारलं.

वहिनी मुगाच्या डाळीएवढी काळी टिकली लावते. मी तीही लावत नाही. आई पाटावर बसून मेथी निवडत होती. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते देव जाणे, पण आई आधी बोलली.

“माझी.”

“तुझी?” दादा हसला. “आई, काहीतरीच. तू कुठे टिकली लावतेस?”

“लावून बघितली. कोठीतल्या ट्रंकेवरच्या आरशात. पडली असेल.”

“बाबा गेल्यापासून तुझ्या कपाळाला कधी...”

“तुझे बाबा गेले,” आई म्हणाली. “माझं कपाळ आहे अजून.” आणि तिनं मेथीची जुडी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली, दादाच्या बोटावरची टिकली काढून घेतली. गोंद सुकला होता. बोट जिभेला लावून तिनं टिकली ओली केली आणि माझ्या विधवा आईनं ती आमच्या सगळ्यांदेखत कपाळावर दाबली. मग परत बसली आणि मेथी निवडायला लागली.

दादाच्या गालाची एक शीर उडत होती. त्या दिवसापासून आईला ती टिकली रोज लावावी लागली. आळीतल्या बायका काय काय बोलल्या! समोरच्या गोडबोले काकूंनी तर देवळात तोंड फिरवलं. आईनं कपाळ झाकलं नाही.

मी तिला एकटीला गाठून विचारलं, “आई, तुला कधीपासून माहिती होतं गं?”

“नीट निवड ती भाजी,” आई म्हणाली. “अळ्या असतात.”

नकाशे पूर्ण झाले. मी ते शाळेतून पाठवले आणि पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं, की ताबडतोब या. आता फक्त बाहेर पडायचं होतं. आमच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं; वहिनी रांगोळी काढायला माझ्याबरोबर येईल असं मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. दादा म्हणाला, “जरूर जा. तिची रांगोळी छान असते.” इतक्या सहज म्हणाला की मला ते खरं वाटेना.

निघायच्या दिवशी दादा नेहमीच्या वेळेला कामावर गेला. खाली जाऊन मी स्वतः बघितलं, त्याची गाडी नव्हती. वहिनीनं कापडी पिशवीत तळाला ते विटकरी कव्हर ठेवलं, त्यात लॅपटॉप, शेजारी बॅटरी, वर एक साडी आणि सगळ्यांत वर रांगोळीच्या रंगांच्या पुड्या. एवढाच संसार. ती घरातून फिरली नाही, कशाला हात लावून बघितला नाही. सरळ दारापाशी आली. मी पायात सँडल अडकवत होते. आई आत खुर्चीवर बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत.

वहिनीनं कडी काढली, दार उघडलं, उंबऱ्यावर थांबून मागे वळली आणि म्हणाली, “जाते, आई.”

म्हणाली आणि स्वतःच दचकली. आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही. बोहारीण सुद्धा ‘येते’ म्हणून जिना उतरते. इतकी वर्षं रोज ‘येते हं आई’ म्हणणारी ही बाई, आणि आज तिच्या तोंडून खरं ते निसटलं. पण ऐकलंय कोण, मीच आणि आईच, असा विचार माझ्या मनात येतोय तोवर जिन्यातून आवाज आला.

“येते म्हणावं, हेमा.”

दादा वरच्या पायरीवर बसला होता. भिंतीला टेकून, गुडघ्यांभोवती हात गुंफून. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या.

“तू कामावर...” मी म्हटलं.

“गाडी कोपऱ्यावर लावली,” तो म्हणाला. “म्हटलं, बघू कधी निघताय.” तो उठला, पॅंट झटकली आणि वहिनीसमोर येऊन उभा राहिला. अगदी प्रेमानं म्हणाला, “जाते असं म्हणू नये. अशुभ असतं. येते म्हण आणि जा. मी कुठे अडवतोय?”

एका शब्दाचा प्रश्न होता. अगं म्हणून टाक ना, मी मनात ओरडत होते, म्हण आणि सुट! वहिनीनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण तो शब्द काही बाहेर पडेना. मग तिनं ओठ मिटले आणि नकारार्थी मान हलवली.

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. “खोटं आहे ते.”

“बरं,” दादा म्हणाला. “मग पिशवी राहू दे.” आणि त्यानं पिशवीचा एक बंद धरला.

दुसरा बंद वहिनीच्या हातात होता. तिनं तो सोडला नाही. दादानं ओढलं नाही, हिसका दिला नाही, तो फक्त धरून उभा होता आणि तिच्याकडे बघत हसत होता. पिशवी दोघांच्या मध्ये ताणली गेली, हिरव्या रंगाची एक पुडी फुटून उंबऱ्यावर सांडली. मी पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही. तो असाच संध्याकाळपर्यंत उभा राहील, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि वहिनीची बोटं पांढरी पडत चालली होती.

मागे खुर्ची करकरली. आई भिंतीला धरून, एकेक पाय टाकत दारापर्यंत आली. तेलाचे हात तिनं पदराला पुसले नव्हते.

“शिरीष, हात काढ.”

“आई, तू बस बघू. तुझे गुडघे...”

“हात काढ म्हटलं ना.” तिनं आपला तेलकट हात त्याच्या मनगटावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला दादाशी त्या आवाजात बोलताना ऐकलं. दादा तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या कपाळाकडे. त्याची बोटं सैल झाली आणि पिशवी वहिनीच्या अंगाशी जाऊन आपटली.

आईनं वहिनीच्या तोंडावरून हात फिरवला. तेल लागलं तिच्या गालाला. आता आई ‘ये हं’ म्हणेल, असं मला वाटलं. सगळेच म्हणतात. बाबांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हाही आईनं स्ट्रेचरवरच्या त्यांना ‘या’ असंच म्हटलं होतं.

“जा,” आई म्हणाली.

वहिनीला हुंदका आला. पण ती थांबली नाही. दादाच्या शेजारून, पिशवी छातीशी धरून ती जिना उतरली, आणि उतरताना तिच्या चपला प्रत्येक पायरीवर फटफट वाजत होत्या. खालचं फाटक वाजलं. मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत जाणार होते. आईकडे बघितलं आणि पायातले सँडल काढून ठेवले.

दादा उंबऱ्यावर सांडलेल्या हिरव्या रंगाकडे बघत उभा होता. बऱ्याच वेळानं, नेहमीसारखंच हळू, समजावल्यासारखं बोलला.

“आई, ‘ये’ म्हणतात. तू ‘जा’ म्हणालीस. ती आता यायची नाही.”

“म्हणून तर म्हणाले,” आई म्हणाली.